धर्मानंद कोसंबी : जीवितकार्याच्या शोधात निघालेला माणूस

आपल्या यवतमाळहून सेवाग्राम काही फार लांब नाही. वर्ध्याची एस.टी. धरावी, पुढे रिक्षाने सातआठ किलोमीटर जावे. तरीही आपल्यातले किती जण तिथे गेले असतील? फारसे नसतील, आणि का नसतील तेही उघड आहे. सेवाग्राम म्हटले की गांधीजी आठवतात, गांधीजी म्हटले की पुणे करार आठवतो, आणि आपली पावले नागपूरच्या दीक्षाभूमीकडे वळतात. ते स्वाभाविकच आहे. परंतु याच सेवाग्रामात ४ जून १९४७ रोजी एका म्हाताऱ्या पंडिताने देह ठेवला. पाली ग्रंथ मुळातून वाचून तथागताचा धम्म मराठीत आणण्यासाठी त्याने आपली उभी हयात वेचली होती. त्या पंडिताचे नाव आचार्य धर्मानंद दामोदर कोसंबी. आपल्या विहारांतून हे नाव जितके घेतले जायला हवे तितके घेतले जात नाही, म्हणून हा लेखप्रपंच.

दुसरेही एक कारण आहे. आमच्या शाळेत दहावीच्या वर्गात दरवर्षी मुलांना विचारले जाते की तुम्हाला पुढे कोण व्हायचे आहे. मुले चटकन उत्तरे देतात : कलेक्टर, पोलीस, इंजिनियर. एखादा म्हणतो, स्वतःचे दुकान टाकीन. एखादी मुलगी लाजत म्हणते, कविता लिहीन. पण हे आपल्याला का व्हायचे आहे असे विचारले की वर्ग गप्प होतो. मुलांचा त्यात दोष नाही. मोठ्यांनाही ते ठाऊक नसते. माणसाला आपले जीवितकार्य सापडते तरी कसे? ते एखाद्या दिवशी आकाशातून पडते, की चालता चालता, ठेचा खात खात हाती लागते? कोसंबींचे चरित्र या प्रश्नासाठी मुद्दाम वाचण्यासारखे आहे. त्यांनी स्वतः ते ‘निवेदन’ या आत्मचरित्रात काही न लपवता सांगून ठेवले आहे.

त्यांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील साखवळ गावी गौड सारस्वत ब्राह्मण कुटुंबात झाला. तेव्हा गोव्यावर पोर्तुगीजांचे राज्य होते. शिक्षण थोडेसे मराठी शाळेतले, तेही आजारपणामुळे आणि घरच्या अडचणींमुळे मोडत मोडत झालेले. आज जगातील मोठमोठी विद्यापीठे ज्याचे नाव आदराने घेतात, त्या माणसाजवळ कोणत्याही परीक्षेचे प्रमाणपत्र नव्हते! घरी नारळाची बाग होती, तिची राखण आणि देखभाल त्याच्याकडे आली. १८९१ साली, म्हणजे पंधराव्या वर्षाच्या आसपास, बाळाबाईंशी लग्न झाले. वरवर पाहता आयुष्याची चाकोरी आखून झाली होती. माडांना पाणी घालावे, नारळ मोजावेत, सण-वार करावेत आणि एक दिवस मरून जावे.

पण हा तरुण मनातून उदास होता. आपण कशासाठी जगतो आहोत हे त्याला कळत नव्हते. तुकोबांची गाथा तो पुन्हा पुन्हा वाची आणि तीच त्याला आधार देई. घर सोडून जाण्याचे प्रयत्न केले, तेही फसले आणि तो परत आला. वाचकहो, या काळाकडे नीट पाहा. पुढे थोर झालेल्या माणसांच्या चरित्रात आपण हा भाग वाचायचाच टाळतो. आपल्याला वाटते, थोर माणूस लहानपणापासूनच थोर असतो. इथे मात्र विशीतला एक माणूस आहे, ज्याला काहीतरी हवे आहे, पण काय हवे आहे त्याचे नाव त्याला माहीत नाही.

ते नाव त्याला अगदी साध्या ठिकाणी सापडले. अमेरिकन मिशनऱ्यांकडून ‘बालबोध मेवा’ नावाचे मुलांचे मासिक निघत असे. त्यात भगवान बुद्धावर एक छोटा लेख आला होता, तो त्याच्या हाती पडला. गंमत पाहा : ख्रिस्ती लोकांचे मासिक, लहान मुलांसाठी लिहिलेला लेख, आणि वाचणारा नारळाच्या बागेतला एक अर्धशिक्षित ब्राह्मण तरुण! या देशातील पंडितांनी हजार वर्षे ज्याला विष्णूचा नववा अवतार करून कोपऱ्यात बसवले, त्या बुद्धाची ओळख व्हायला अशी आडवाट लागली. पुढे एडविन आर्नोल्डच्या इंग्रजी काव्याच्या आधाराने झालेले एक मराठी बुद्धचरित्र त्याने मिळवले आणि ते वाचून तो अक्षरशः झपाटला. आता त्याला कळले की आपल्याला बुद्धाचा धर्म मुळातून जाणून घ्यायचा आहे. तो कुठे शिकायला मिळतो, कोणत्या भाषेत आहे, कोण शिकवतो, यातले त्याला काहीच माहीत नव्हते.

१८९९ साली, तेविसाव्या वर्षी, त्याने घर सोडले. घरी तरुण पत्नी आणि तान्ही मुलगी होती. सिद्धार्थ गौतमाच्या गृहत्यागाशी याची तुलना करण्याचा मोह होतो, आणि अनेकांनी ती केलीही आहे. मला मात्र इथे बाळाबाई दिसतात. कोकण-गोव्याच्या त्या काळच्या समाजात नवरा परागंदा झालेल्या बाईला काय काय ऐकावे लागले असेल याचा विचार करा. माणसाचे जीवितकार्य त्याला एकट्याला सापडते, त्याची किंमत मात्र घरातली बाई भरते. आपल्याला हे नवीन नाही. परदेशी शिकत असलेल्या बाबासाहेबांच्या मागे माता रमाईने जे सोसले ते आपल्या घराघरात गाण्यांतून गायले जाते. बाळाबाईंची गाणी कोणी रचली नाहीत. कोसंबींच्या बाजूने इतके सांगितले पाहिजे की ते कायमचे निघून गेले नाहीत, काही वर्षांनी परत येऊन त्यांनी संसार पुन्हा हाती घेतला.

आधी पुणे. तिथे डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी त्यांना आसरा आणि सल्ला दिला. पालीकडे जायचे तर आधी संस्कृत आले पाहिजे असे दिसले. म्हणून ते पुण्याहून ग्वाल्हेरला गेले आणि तिथून काशीला. काशीत ब्राह्मण विद्यार्थ्यांसाठी अन्नछत्रे होती. तिथे दिवसातून एकदा मिळेल ते जेवायचे, फाटके नेसायचे आणि व्याकरण घोकायचे, असे हाल त्यांनी काढले. या हालांचे वर्णन वाचताना डोळ्यांत पाणी येते. पण त्याच वेळी आपल्या मनात दुसराही विचार आल्यावाचून राहत नाही. त्या अन्नछत्राचे दार कोसंबींना उघडे होते ते जन्माने. त्याच काळात आपल्या समाजाचा एखादा मुलगा तशीच ज्ञानाची भूक घेऊन काशीला गेला असता, तर त्याला पंगतीत पान नव्हे, पायरीवर उभे राहण्याचीही परवानगी मिळाली नसती. शास्त्र्यांनी त्याला संस्कृतचे एक अक्षर शिकवले नसते. हे मी कोसंबींना दोष देण्यासाठी लिहीत नाही. इच्छा असली की मार्ग निघतो असे सांगणाऱ्यांनी तो मार्ग कोणासाठी निघतो हेही सांगावे, एवढ्यासाठी लिहितो.

काशीहून १९०२ मध्ये ते नेपाळात गेले. तथागत जिथे जन्मला त्या प्रदेशात तरी खरा धम्म असेल अशी आशा होती. तिथे जे दिसले त्याने ते निराश झाले. कर्मकांड होते, धम्म नव्हता. तिथून बोधगया. बोधगयेत त्यांना कळले की पाली शिकायचे असेल तर सिंहलद्वीपाला जावे लागेल. कलकत्त्याच्या महाबोधी सोसायटीची मदत घेऊन हा माणूस कोलंबोला पोचला आणि विद्योदय विद्यालयात सुमंगल महास्थविरांच्या चरणी बसला. तिथे त्यांनी श्रामणेर दीक्षा घेतली आणि पाली शिकायला सुरुवात केली. म्हणजे बागेत बसून तो लेख वाचल्यापासून पालीच्या पहिल्या पाठापर्यंत कित्येक वर्षे गेली. त्यांतली बरीचशी चुकीच्या दारांवर थापा मारण्यात गेली. ती वाया गेली असे मी म्हणणार नाही. काशीचे संस्कृत पालीला उपयोगी पडले, आणि नेपाळची निराशा झाली नसती तर मूळ ग्रंथांकडे जाण्याची निकड इतकी पटली नसती.

पुढे ते ब्रह्मदेशात गेले, तिथे भिक्षू झाले, अरण्यात राहून ध्यान केले. भारतात परतून बौद्ध तीर्थे पायी पाहिली. इथे त्यांना थांबता आले असते. चीवर अंगावर होते, विद्या मिळाली होती, शांतीही मिळाली होती. परंतु आता एक नवा प्रश्न उभा राहिला. हे सारे आपल्याला मिळाले, आपल्या भाषेतल्या माणसांना ते कसे मिळणार? १९०६ च्या सुमारास त्यांनी चीवर उतरवले आणि कलकत्त्यात पाली शिकवायला सुरुवात केली, आधी नॅशनल कॉलेजात आणि मग कलकत्ता विद्यापीठात. पत्नीला आणि मुलीला बोलावून घेतले. पगार चांगला होता, मान होता. ज्याच्याजवळ कोणतीही पदवी नाही त्याला विद्यापीठाने खुर्ची दिली होती.

आणि मग ती घटना घडली, जी माझ्या मते त्यांच्या आयुष्यातली सर्वांत मोठी घटना आहे, गृहत्यागाहूनही मोठी. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी त्यांना कळवले की तुम्ही महाराष्ट्रात राहून काम करीत असाल तर बडोदे सरकार तीन वर्षे दरमहा ५० रुपये देईल, त्याबद्दल संस्थानासाठी ग्रंथ लिहून द्यावेत. कलकत्त्यात याच्या कितीतरी पट मिळत होते. पाठीशी बायको होती, लेकरे होती. मुलगा दामोदर १९०७ च्या जुलैत जन्मलेला, म्हणजे अगदी लहान होता. हाच पुढे जगप्रसिद्ध गणिती आणि इतिहासकार झाला. अशा वेळी कोसंबींनी कलकत्त्याची नोकरी सोडली आणि पन्नास रुपये पत्करले. घर सोडताना माणसाला गमावण्यासारखे फारसे काही नसते, नुसती उदासी असते. भरल्या ताटावरून उठणे वेगळे. बुद्धाचा धर्म जाणून घ्यायचा हे त्यांना बागेत कळले होते. तो मराठीत न्यायचा हे मात्र कलकत्त्यातच कळले, असे मला वाटते.

आता इथे वाचकांनी जरा थांबावे. याच सयाजीरावांनी १९१३ साली एका बुद्धिमान तरुणाला शिष्यवृत्ती देऊन न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पाठवले. त्या तरुणाचे नाव भीमराव रामजी आंबेडकर. त्यालाही शाळकरी वयात कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले होते. एकाला मासिकातला लेख, दुसऱ्याला गुरुजींचे पुस्तक. दोघांनाही बुद्ध प्रथम भेटला तो मराठीत, आणि दोघांनाही एकाच राजाने हात दिला. तरी वाटा किती निराळ्या! कोसंबी बडोद्यात व्याख्याने देऊन आले, त्यांचे ‘बुद्ध, धर्म आणि संघ’ हे पुस्तक १९१० मध्ये निघाले. बाबासाहेब १९१७ मध्ये त्याच बडोद्यात नोकरीसाठी गेले तर राहायला खोली मिळेना आणि पारशी खानावळीतून त्यांना काठ्या घेतलेल्या लोकांनी बाहेर काढले. केळुसकरांच्या पुस्तकाने लावलेले बी रुजायला १४ ऑक्टोबर १९५६ उजाडावा लागला, कारण बाबासाहेबांना एकट्याला धम्माकडे जायचे नव्हते, लाखोंना बरोबर घेऊन जायचे होते.

१९१० साली कोसंबी अमेरिकेला गेले. हार्वर्ड विद्यापीठात हेन्री क्लार्क वॉरन नावाच्या विद्वानाने बुद्धघोषाच्या ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथाची संशोधित आवृत्ती करायला घेतली होती. १८९९ मध्ये, ज्या वर्षी कोसंबींनी घर सोडले त्याच वर्षी, वॉरन वारला आणि काम अर्धवट राहिले. ते पुरे करण्यासाठी प्रा. वुड्स यांनी कोसंबींना बोलावले. तिथे प्रा. लानमन यांच्याशी ग्रंथावर कोणाचे नाव कसे घालायचे यावरून वाद झाला. काम एकाने करायचे आणि नाव दुसऱ्याचे, हे कोसंबींना मान्य होईना. ते १९१२ मध्ये काम सोडून परत आले. परक्या देशात, मोठ्या प्राध्यापकासमोर, पदवी नसलेल्या माणसाने असा ताठा दाखवावा हे मला फार आवडते. आपल्या श्रमांवर आपले नाव असावे ही मागणी किती न्यायाची आहे, हे आपल्याहून अधिक कोणाला कळणार?

परत आल्यावर पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात सहा वर्षे त्यांनी पाली शिकवली. पुढे पालीचे मोठे विद्वान झालेले पु. वि. बापट हे त्यांचेच विद्यार्थी. आज विदर्भातल्या कितीतरी महाविद्यालयांत आपली मुले पाली हा विषय घेतात. त्या पालीने महाराष्ट्राच्या कॉलेजात पाय ठेवला तो या माणसाच्या खटपटीने. नंतर पुन्हा अमेरिका, अहमदाबादचे गुजरात विद्यापीठ, रशियातील लेनिनग्राड, मिठाच्या सत्याग्रहातला तुरुंगवास, काशी, असा प्रवास चालूच राहिला. त्याचा सारा तपशील देत बसत नाही.

परंतु १९३७ चा उल्लेख केलाच पाहिजे. त्या वर्षी त्यांनी मुंबईत परळच्या गिरणगावात ‘बहुजन विहार’ सुरू केला. पंडितांच्या वस्तीत नव्हे, कामगारांच्या वस्तीत. १९३५ ची येवल्याची घोषणा होऊन दोनच वर्षे झाली होती. बाबासाहेब कोणता धर्म घेणार याकडे देशाचे डोळे लागले होते. दादरचे राजगृह तिथून काही लांब नाही. तरीही तो विहार आपल्या समाजाचा झाला नाही, आणि कोसंबी तिथे फार वर्षे राहिले नाहीत. का? पैसा बिर्लांचा होता. कोसंबी गांधीजींच्या जवळचे होते. पुणे कराराची जखम ताजी असताना आपल्या माणसांनी त्या दाराकडे संशयाने पाहिले असेल तर ते चुकले असे मी म्हणणार नाही. कोसंबींचा हेतू निर्मळ होता याविषयीही मला शंका नाही. पण दुसऱ्याने बांधून दिलेला विहार आणि आपण वर्गणी काढून, विटा वाहून उभा केलेला विहार यांत फरक असतो. आपल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या गावागावांतले लहानसे विहार पाहिले की तो कळतो.

त्यांचे सर्वांत महत्त्वाचे पुस्तक म्हणजे ‘भगवान बुद्ध’. ते १९४० च्या सुमारास निघाले. त्यात त्यांनी एक धाडसाची गोष्ट केली. म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी पाहून सिद्धार्थाने घर सोडले ही कथा सर्वांना पाठ होती. कोसंबींनी मूळ सुत्ते तपासून दाखवले की ही कथा मुळात गौतमाची नाही, ती मागाहून त्याच्या चरित्रात आली. सुत्तनिपातातल्या अत्तदण्ड सुत्तात स्वतः बुद्ध आपल्या वैराग्याचे कारण सांगतो. आटत चाललेल्या पाण्यातले मासे जसे तडफडतात तशी एकमेकांशी झगडणारी माणसे पाहून, हाती शस्त्र घेतलेली माणसे पाहून त्याला भय वाटले. याच्याशी शाक्य आणि कोलिय यांच्यातल्या रोहिणी नदीच्या पाण्याच्या तंट्याचा मेळ कोसंबींनी घातला. ‘बोधिसत्त्व’ नावाचे नाटकही त्यांनी या विषयावर लिहिले, ते त्यांच्या मागे प्रसिद्ध झाले. ज्यांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ वाचला आहे, त्यांना लगेच आठवले असेल. बाबासाहेबांनीही परिव्रज्येचे कारण म्हणून हाच पाण्याचा तंटा घेतला. आणि त्याला आपल्या प्रज्ञेने पुढे नेले : संघाच्या सभेत युद्धाचा ठराव, सिद्धार्थाचा विरोध, एकट्याचे मत, आणि मग स्वतःहून स्वीकारलेले देशत्यागाचे प्रायश्चित्त. चवदार तळ्याच्या पाण्यासाठी लढलेल्या माणसाला रोहिणीच्या पाण्याचा अर्थ पंडिताहून अधिक खोल कळावा यात नवल ते काय!

शेवटाविषयी मला स्पष्ट लिहिले पाहिजे. म्हातारपणी मधुमेह आणि अंगाला सुटणारी भयंकर खाज यांनी कोसंबी जर्जर झाले. आपण आता कोणाच्या उपयोगाचे नाही, भार आहोत, असे त्यांना वाटू लागले. त्यांनी अन्न सोडून मरण पत्करण्याचे ठरवले. एकदा गांधीजींच्या सांगण्यावरून उपोषण सोडले. पुढे सेवाग्रामला येऊन पुन्हा सुरू केले आणि त्यातच त्यांचा अंत झाला. काही लोक याचा गौरव करतात. मला तो करता येत नाही. ज्या तथागताने उपाशी राहून देह झिजवण्याचा मार्ग स्वतः अनुभवून टाकून दिला आणि मध्यम मार्ग सांगितला, त्याच्या एवढ्या मोठ्या अभ्यासकाने हे करावे याचे दुःख होते. पार्श्वनाथाच्या चातुर्याम धर्माचा त्यांच्यावर उत्तरायुष्यात फार प्रभाव पडला होता, त्यावर त्यांनी स्वतंत्र पुस्तकच लिहिले. आणि ज्याचे सारे आयुष्य कामाभोवती उभे असते, त्याला काम थांबले की जगण्याचे कारणही संपल्यासारखे वाटते. जीवितकार्य सापडण्याची ही दुसरी बाजू आहे, ती सहसा कोणी सांगत नाही. आपल्या घरातले निवृत्त झालेले वडील, कारखाना किंवा दुकान बंद पडलेला भाऊ यांच्याकडे पाहा, म्हणजे कळेल.

त्यांच्या मृत्यूनंतर १९५० साली हार्वर्डने ‘विसुद्धिमग्ग’ची ती आवृत्ती प्रसिद्ध केली. १९१२ मध्ये रागाने टाकून आलेले काम त्यांनी नंतरच्या फेऱ्यांत पुरे करून दिले होते. ग्रंथावर दोन नावे आहेत. एक वॉरनचे, आणि त्याचे काम तपासून सिद्ध करणारे म्हणून दुसरे धर्मानंद कोसंबींचे.

वर्षावासात आपल्या विहारांतून ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन होते. यंदा पहिल्या खंडातील रोहिणीचा प्रसंग येईल त्या दिवशी वाचन करणाऱ्यांनी कोसंबींचे मराठी सुत्तनिपात जवळ ठेवावे आणि त्यातले अत्तदण्ड सुत्त वाचून दाखवावे, अशी विनंती आहे. दहा मिनिटांहून अधिक वेळ लागणार नाही.